भर उन्हात फ्लॅश: वाचकांच्या शंका

पाऊस ओसरून कास पठार फुललं की तेच प्रश्न पुन्हा येतात. यंदाचे पाच.

प्र. लख्ख ऊन असताना फ्लॅश कशाला?
सावली उजळायला. ऊन जितकं कडक, तितकी सावली काळी.

प्र. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्यावरून सूर्यास्त टिपला. फ्लॅश लावूनही दरी काळीच. दुकानदार म्हणतो, ६० गाइड नंबरचा घ्या. घेऊ का?
थांबा, पाकीट खिशात ठेवा. गाइड नंबर म्हणजे फ्लॅशच्या ताकदीचा आकडा. त्याला अ‍ॅपर्चरने (लेन्सच्या भोकाचा एफ-आकडा) भागलं की पल्ला मीटरमध्ये मिळतो. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ/११ धरा: ६० भागिले ११, म्हणजे जेमतेम साडेपाच मीटर. समोरचे डोंगर किती लांब? शिवाय अंतर दुप्पट झालं की उजेड चौपट घटतो, त्यामुळे महागडा फ्लॅशही दरीपुढे काजवाच. आणि खोक्यावरचा तो ६० बहुधा फ्लॅशचं डोकं २०० मिमीवर झूम केल्यावरचा, म्हणजे उजेड अरुंद झोतात एकवटल्यावरचा असतो. तुम्ही निसर्गचित्राला लावता २४ मिमी. तिथे तो आकडा निम्म्याच्याही खाली येतो. हे बारीक अक्षरात, तेही छापलं तर. दुकानदाराला २४ मिमीचा आकडा विचारा आणि चेहरा बघा. फ्लॅश हा पुढ्यातल्या वस्तूसाठी असतो. दीड मीटरवरचं कारवीचं झुडूप, कड्याच्या काठचा दगड, मित्राचा चेहरा. आधी आकाशाचं एक्स्पोजर ठरवा, मग झुडपापुरता फ्लॅश. दरीसाठी ट्रायपॉड लावून दोन एक्स्पोजर (एक आकाशाचं, एक दरीचं) घ्या आणि घरी जोडा. फ्लॅश बिघडलाय अशी शंका असेलच, तर नवा घेण्याआधी जुना सर्व्हिस सेंटरला दाखवा.

प्र. शटर १/१००० ठेवलं की फोटोत काळा पट्टा येतो.
सिंक स्पीड, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा शटरचा कमाल वेग, ओलांडताय. बहुतेक कॅमेऱ्यांत तो १/२०० किंवा १/२५० असतो. तुमचा किती, ते मॅन्युअलमध्ये पाहा. हायस्पीड सिंकने (जास्त वेगासाठीची फ्लॅशमधली सोय) पट्टा जातो, पण फ्लॅशची ताकदही बरीच जाते.

प्र. फ्लॅशने फुलं प्लास्टिकची दिसतात. फ्लॅशवर उजेड पसरवणारी पांढरी टोपी लावू?
नको. ती टोपी खोलीत चालते, कारण तिथे भिंती आणि छत उजेड परतवतात. पठारावर छत कुठलं? नुसती बॅटरी संपेल. फ्लॅश कॉम्पेन्सेशन (फ्लॅशचा उजेड कमी-जास्त करायची सेटिंग) उणे दीड करून बघा. संध्याकाळी फ्लॅशवर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक कागद) लावा, नाहीतर मागे सोनेरी ऊन आणि पुढे ट्यूबलाइट असा प्रकार होतो. फ्लॅशसाठी स्टँड-छत्री न्यायची असेल तर कासला आधी वनखात्याला विचारा. एका फोटोसाठी रोपं तुडवू नका; टोपली कारवी सात वर्षांनी फुलते.

प्र. वडिलांचा ऐंशीच्या दशकातला फ्लॅश नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर चालेल ना? ग्रुपवर सगळे ‘बिनधास्त लाव’ म्हणतात.
ग्रुपवाले दुरुस्तीचे पैसे देणार आहेत का? काही जुन्या फ्लॅशचा ट्रिगर व्होल्टेज (फ्लॅशकडून कॅमेऱ्यावर येणारा विजेचा दाब) २०० व्होल्टच्याही वर असतो. अशाच हौसेपायी माझ्या एका कॅमेऱ्याचा हॉटशू (फ्लॅश बसवायची वरची खाच) गेला: ‘टक्’ आवाज आला, मग काहीच नाही. जाणकार तंत्रज्ञाकडून आधी व्होल्टेज मोजून घ्या, मग कॅमेरा कंपनीची मर्यादा विचारा. तोवर लावू नका. आणि स्वतः उघडून बघू नका. सेल काढले तरी आतल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणारा भाग) सुमारे ३०० व्होल्ट साठून राहू शकतात.