हरकत कुणी घ्यायची?

प्रश्न : आमच्या गल्लीच्या टोकाला विकास आराखड्यात बागेचं आरक्षण आहे. ते बदलून पार्किंग करायची नोटीस पेपरात आली. आम्ही भाडेकरू. आम्हाला हरकत घेता येते का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : येते हो! आरक्षणातला असा किरकोळ बदल १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली होतो आणि तिथे ‘कोणतीही व्यक्ती’ हरकत घेऊ शकते. त्यासाठी सातबाऱ्यावर नाव असावं लागत नाही. मुदत मात्र नोटिशीच्या तारखेपासून एक महिना. तेव्हा तो पेपर रद्दीत घालू नका.

अर्जात नोटिशीची तारीख, सर्व्हे नंबर आणि नेमकी अडचण लिहा. ‘पर्यावरणाचा ऱ्हास’ वगैरे नको. संध्याकाळी आजी-आजोबा कुठे बसतात, जवळची दुसरी बाग चालत किती मिनिटांवर आहे, हे लिहा. शेवटी ‘मला सुनावणीस बोलवावे’ ही ओळ हवीच. नोटिशीत दिलेल्या कार्यालयात दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मी एकदा भिडेखातर सोडली होती, पुढे अर्ज ‘मिळालाच नाही’!

एकाच मजकुराच्या शंभर झेरॉक्सवर सह्या गोळा करण्यापेक्षा दहा जणांनी आपापल्या शब्दांत लिहिलेलं बरं.

शेजारच्या प्लॉटवरच्या इमारतीच्या नकाशाचं वेगळं. त्यावर जाहीर हरकती मागवत नाहीत. तिथे दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करून मंजूर नकाशा आधी हातात घ्या, मग भांडा.