गिऱ्हाईक दारात, पैसे पॉलिसीत

प्रश्न: वय 40. बडोद्यात दांडिया बाजारात भाकरवडी, चकली, मेतकूट असा माझा घरगुती धंदा आहे. विक्री महिन्याला 3 लाख, सगळा खर्च जाऊन 22 टक्के उरतात. जीएसटी नोंदणी नाही. मिस्टर मकरपुरा जीआयडीसीत नोकरीला, मुलं दोन. मार्केटिंगसाठी दोघांशी बोलले. अलकापुरीतली एजन्सी महिना 25 हजार अधिक जीएसटी मागते, जाहिरातींचे 20 हजार वेगळे, करार सहा महिन्यांचा. विक्री दुप्पट करण्याची हमी देतात. ओळखीतला एक मुलगा 10 हजार आणि एकूण विक्रीवर 5 टक्के म्हणतो. कोणाला घ्यावं? पैसे सीसीतून (कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठी बँकेने दिलेलं, लागेल तसं उचलायचं कर्ज) काढणार होते, पण 4 लाखांची सीसी कायम पूर्ण उचललेली असते. बँकेने ती मंजूर करताना पॉलिसी घ्यावीच लागेल म्हणून सांगितलं होतं; तिचे प्रत्येकी 1 लाख 20 हजारांचे दोन हप्तेही सीसीतूनच गेले. गेल्या दिवाळीत एका कंपनीची 400 बॉक्सची ऑर्डर सोडावी लागली, कारण हाथीखान्यातला व्यापारी तेल-बेसन आणखी उधार देईना.

उत्तर: ताई, दोघांनाही घेऊ नका. निदान ही दिवाळी होईपर्यंत तरी नाही.

एजन्सीची फी, त्यावर 18 टक्के जीएसटी (नोंदणी नसल्याने तो तुम्हाला वळता होत नाही) आणि जाहिराती मिळून महिन्याला 50 हजार धरा. 22 टक्क्यांच्या हिशेबाने ते भरून काढायला सव्वादोन लाखांची जादा विक्री हवी. विक्री खरोखर दुप्पट झाली तरी जादा 66 हजारांतून 50 हजार त्यांचे, तुमच्या पदरात 16 हजार, आणि चकल्या दुप्पट तळायच्या त्या तुम्हीच. हमीचं म्हणाल, तर करारात ‘विक्री दुप्पट न झाल्यास फी परत’ एवढी एक ओळ घालायला सांगा आणि समोरच्याचा चेहरा बघा.

ओळखीतला मुलगाही स्वस्त नाही. एकूण विक्रीवर 5 टक्के म्हणजे आजच्या 3 लाखांवरही 15 हजार, ज्यात त्याचा काडीचा हात नाही. तोही 25 हजारांनाच पडतो.

आता जे विचारलं नाहीत त्याकडे येऊ. 400 बॉक्स, साडेचारशेच्या भावाने 1 लाख 80 हजार. म्हणजे 40 हजारांचा नफा. हे गिऱ्हाईक कुठल्याही जाहिरातीशिवाय तुमच्या दारात आलं होतं. माल करायला पैसे नव्हते, म्हणून परत गेलं. सीसी असते तेल, बेसन, डबे भरायला. तिच्यातले 2 लाख 40 हजार पॉलिसीत गेले आणि त्यावर 11 टक्क्यांनी वर्षाला 26 हजार व्याज चालू आहे.

सोबत पाठवलेल्या कागदांवरून पॉलिसी ऑक्टोबर 2024 ची दिसते. दहा हप्ते, एकूण 12 लाख भरायचे आणि पंधराव्या वर्षाअखेर 20 लाख मिळणार. बँकेतल्या साहेबांनी ‘8 लाख फायदा’ म्हणून सांगितलं असेल. तो परतावा वर्षाला जेमतेम 5 टक्के होतो. 11 ने कर्ज काढून 5 ने ठेवायचं, आणि हप्ता नेमका दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर! विमा किती, तर 12 लाख. दोन मुलांच्या आईला हा विमा नव्हे, समाधान आहे.

तिसरा हप्ता भरू नका. कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा: आज सरेंडर केल्यास (पॉलिसी बंद करून पैसे घेतल्यास) किती आणि पेड-अप ठेवल्यास (पुढचे हप्ते न भरता तशीच चालू ठेवल्यास) शेवटी किती. दोन हप्ते भरलेत, तेव्हा निदान 30 टक्के, म्हणजे 72 हजार तरी मिळायला हवेत. 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या सरेंडरच्या नियमांमुळे आकडा याहून बरा येण्याची शक्यता आहे. नुकसान होणार, ते आजच सोसा; पुढचे 9 लाख 60 हजार तरी वाचतील. आलेले पैसे थेट सीसीत. पण त्याआधी, तब्येत चांगली असेल तर वर्षाला वीसेक हजारांत 1 कोटीची टर्म पॉलिसी (नुसता विमा, बचत नाही) मिळेल, ती हातात येऊ द्या.

कर्जासाठी पॉलिसीची सक्ती करता येत नाही. बँकेकडे आणि विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्यात कंपनीचं उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी) जा. गुजरातचं कार्यालय अहमदाबादला आहे. तिथे फी लागत नाही, वकीलही नाही. ‘घ्यावीच लागेल’ हे कुठल्या मेसेजमध्ये लिहिलेलं असेल तर जपून ठेवा. बहुतेक नसेल, हे लोक असलं तोंडीच बोलतात.

ऑर्डर सोडावी लागलेल्या त्या कंपनीला गणपतीतच फोन करा आणि निम्मे पैसे आगाऊ मागा. दिवाळीच्या बॉक्सला कंपन्या देतात, मागितले तर.

जानेवारीत सीसी निम्मी तरी रिकामी झाली की मग सल्लागार बघा. ज्याने खाण्याचेच पदार्थ विकून दिलेत असा, आणि त्याच्या दोन जुन्या गिऱ्हाइकांशी तुम्ही स्वतः बोला. करार महिन्या-महिन्याचा. टक्केवारी फक्त जादा विक्रीवर. इन्स्टाग्राम पेज, जाहिरात खातं, व्हॉट्सअ‍ॅपचा नंबर सगळं तुमच्या नावावर आणि जाहिरातीचे पैसे तुमच्या कार्डावरून. नाहीतर भांडण झालं की तो गिऱ्हाइकांची यादी घेऊन जातो. आणि तो पुण्या-मुंबईच्या ऑर्डरींच्या गप्पा मारायला लागला, तर आधी तुमच्या सीएला विचारा. गुजरातबाहेर माल विकायचा तर वर्षाला 40 लाखांच्या विक्रीपर्यंत नोंदणी न करण्याची सूट चालत नाही, पहिल्या पार्सलपासून जीएसटी नोंदणी लागते.