एमटीबीला (माउंटन बाइकला) पुढे तीन चेनरिंग (पायडलजवळची दात्यांची चक्रं) आहेत, त्यातली मोठी काढून दोनच ठेवता येतील का?

हो, येतील. तुम्ही लिहिलंय की सायकल ९ स्पीडची आहे, पुढे ४२-३२-२२ दात्यांच्या चेनरिंग, मागे ११ ते ३४ दात्यांची नऊ चक्रं, आणि फेऱ्या कांदिवलीहून कान्हेरी, कधीतरी येऊर. अशा वापराला दोन चेनरिंग अगदी पुरतात. ४२ ची गरज कुठे पडते? २७.५ इंची चाकावर मिनिटाला ९० पायडल मारले तर ४२-११ वर ताशी साधारण ४५ किमीचा वेग निघतो, ३२-११ वर ३४ चा. मुंबईच्या रस्त्यावर एमटीबीने सपाटीला ४५ कोण पळवतं? चढाची २२-३४ ची जोडी तर तशीच राहते, म्हणजे कान्हेरीच्या चढावर काहीच गमावत नाही.

आधी एक गोष्ट बघा, कारण सगळं त्यावर आहे. चेनरिंग बोल्टने बसवलेल्या आहेत की रिबिटने? स्वस्त क्रँकवर (पायडलचे दांडे आणि चेनरिंग यांच्या जोडणीवर) तिन्ही चेनरिंग रिबिट मारून एकत्र केलेल्या असतात, त्यातली एक वेगळी निघत नाही. तसं असेल तर पूर्ण क्रँक बदलण्याचाच हिशेब करा. कापून, घासून काढायला कोणी सुचवलं तरी ऐकू नका.

बोल्ट असतील तर बऱ्याच क्रँकवर मोठी आणि मधली चेनरिंग एकाच चार बोल्टवर असते, छोटी आत वेगळ्या बोल्टवर. लोकांचं काम बिघडतं ते इथेच. मोठी काढली की तिच्या जाडीइतकी जागा रिकामी होते आणि जुने बोल्ट तेवढे लांब पडतात. बोल्ट मागच्या नटात शेवटपर्यंत जाऊन अडतो, हाताला घट्ट लागतो, पण मधली चेनरिंग सैलच राहते. चढावर जोर दिला की कटकट आवाज येतो आणि माणूस बॉटम ब्रॅकेट (क्रँकचं बेअरिंग) बदलत बसतो. उपाय दोन: सिंगल चेनरिंगचे आखूड बोल्ट घ्या, नाहीतर मोठीच्या जागी बॅशगार्ड (दाते वाचवणारी बिनदात्यांची तबकडी) लावा. मी बॅशगार्डच सांगेन. येऊरच्या दगडांवर दाते वाचतात आणि पँटही. गार्ड घेताना शेजारशेजारच्या दोन बोल्टांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा. चार बोल्टांच्या क्रँकवर ते ७३.५ मिमी भरलं तर तुमचं माप १०४ चं, म्हणजे बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास १०४ मिमी. वजन कमी होईल म्हणून मात्र हे करू नका, वाचलेलं वजन गार्ड परत आणतो.

मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत हे बोल्ट हमखास गंजून धरतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. मागचा नट सोबत फिरायला लागला तर त्याच्या खाचेत बसणारा पाना लागतो. बसवताना आट्यांना ग्रीस लावा, समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळा आणि पहिल्या काही फेऱ्यांनंतर पुन्हा तपासा.

पुढचा डिरेलर (चेन एका चेनरिंगवरून दुसरीवर ढकलणारा भाग) आणि डावा शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलण्याचा खटका) बदलायची गरज नाही. छोट्या आणि मधल्या चेनरिंगमधलं अंतर तेच राहतं, त्यामुळे पहिले दोन क्लिक पूर्वीसारखेच चालतात. तिसरा बंद करायचा. चेन पुढे मधलीवर आणि मागे सर्वांत लहान कॉगवर (चक्रावर) ठेवून डिरेलरवरचा एच स्क्रू (डिरेलर बाहेर किती जाईल ते ठरवणारा) आत फिरवत जा. चेन ज्यातून जाते त्या डिरेलरच्या पिंजऱ्याची बाहेरची पट्टी चेनला जेमतेम लागणार नाही इथवर. नंतर तिसऱ्या क्लिकसाठी लिव्हर जोराने दाबू नका, केबल ताणली जाते. काही शिफ्टरना तीनाचे दोन करण्याची सोय असते, तुमच्याला आहे का पाहा. डिरेलर लगेच खाली सरकवण्याची घाई नको. तो आधीच्या उंचीवर मधल्या चेनरिंगला चालतच होता, आणि फार खाली आणला तर गार्डला घासतो.

मागे वारा असताना ३२ कमी वाटली तर मधलीच्या जागी ३६ दात्यांची बसवा. १०४ च्या मापात ती मिळते आणि ३६-११ वर ताशी ३९ किमीपर्यंत जाता येतं. मी असतो तर पहिल्यापासून ३६-२२ च केली असती. ३२ वर पायडल रिकामे फिरू लागले की आरेच्या उतारावर चिडचिड होते.

चेन कापणं शेवटी. ३२ ठेवली तर चार कड्या कमी होतात, ३६ ला दोन. कापण्याआधी चेन पुढे उरलेल्या दोनपैकी मोठीवर आणि मागे ३४ वर हाताने चढवून बघा. मागच्या डिरेलरचा पिंजरा पूर्ण ताणला जात असेल तर एकही कडी काढू नका.

एकदम एकच चेनरिंग ठेवण्याचा मोह होईल. कंपन्याही तिकडेच गेल्या आहेत. सायकलचे भाग बनवणाऱ्या स्रॅमने २००९ मध्ये दोन चेनरिंगचा एक्सएक्स हा गिअर-संच आणला आणि २०१२ मध्ये एकीचा एक्सएक्स१. पण त्यासोबत मागची कॅसेटही (मागच्या चक्रांचा संच) बरीच मोठी झाली. तुमच्या ११-३४ वर एकट्या ३२ ने कान्हेरीचा चढ गुडघ्यांना जड जाईल.