चाचणी पेपरच्या पाठीमागची गोष्ट

(बार्शीहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: माझं औषधांचं दुकान आहे. मुलगी अकरावी सायन्सला आहे, जेईईसाठी लातूरला क्लास लावलाय, तिथेच होस्टेलवर राहते. दिवाळीच्या सुट्टीत तिची बॅग आवरताना चाचणी पेपरांच्या कोऱ्या बाजूंवर लिहिलेली बावीस पानी गोष्ट सापडली. विचारलं तर म्हणाली, 'मला विज्ञानकथा लिहायच्यात, सायन्स सोडून आर्ट्सला जाते.' वर नारळीकरांचं नाव सांगते. मी म्हटलं, ते आधी शास्त्रज्ञ झाले, मग लेखक. तूही आधी आयआयटी कर. तेव्हापासून बोलत नाही. पानं सोबत जोडतोय. काय करावं?)

नमस्कार,

पानं दोनदा वाचली. एकदा गोष्ट म्हणून आणि एकदा फक्त समास.

आधी नारळीकरांचं सांगतो, कारण तुम्ही दोघांनीही त्यांची अर्धी अर्धी बाजू धरली आहे. ते १९७२ साली केंब्रिजहून परतले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा जाहीर केली होती. त्या सुमारास ते अहमदाबादला एका परिसंवादाला गेले होते. समोरचं भाषण रटाळ होतं, म्हणून टिपणं काढायला दिलेल्या कागदांवरच त्यांनी गोष्ट लिहायला घेतली. ती 'कृष्णविवर'. नाव पाहून परीक्षक भारावू नयेत म्हणून ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली. जयंत विष्णु नारळीकर यांची आद्याक्षरं उलटी केली की हे नाव. अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून उतरवून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं आणि मग खरं नाव बाहेर आलं.

म्हणजे देशातल्या नामवंत खगोलशास्त्रज्ञाने पहिली विज्ञानकथा दुसऱ्याच कामासाठी दिलेल्या कागदांवर लिहिली. तुमच्या मुलीचे कागद तेवढे भारी नाहीत, एवढाच फरक.

'आधी हे, मग ते' असा जिना मला त्यांच्या आयुष्यात दिसत नाही. वडील बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक, आई संस्कृतच्या जाणकार. केंब्रिजचे मार्गदर्शक फ्रेड हॉयल हे स्वतःच कादंबऱ्या लिहिणारे. त्यांची 'द ब्लॅक क्लाउड' १९५७ ची, नारळीकर केंब्रिजला गेले त्याच वर्षातली. गुरूच गोष्टी लिहितो म्हटल्यावर शिष्याला ते पाप वाटायचं कारण नव्हतं. पुढे त्यांनी ना संशोधन सोडलं, ना कथा. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे संस्थापक संचालक तेच आणि २०२१ च्या नाशिक साहित्य संमेलनाचे अध्यक्षही तेच.

पण तुमच्या मुलीचा 'आर्ट्सला जाते' हा निर्णयही मला पटत नाही. कारण साधं आहे. बारावी सायन्स करून पुढे बीए, पत्रकारिता, काहीही करता येतं. बारावी आर्ट्स करून भौतिकशास्त्रात बीएस्सी करायची म्हटली तर दार सहसा बंद असतं. सोळाव्या वर्षी बंद होणारं दार शक्यतो आपल्या हाताने लावू नये. शिवाय मराठीत फक्त कथांवर घर चालत नाही, हे तिला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. दिवाळी अंकांचं मानधन काय असतं ते मला माहीत आहे. तेवढ्यात फराळसुद्धा होत नाही. त्यामुळे हाताशी दुसरं काम लागणारच. सुबोध जावडेकर केमिकल इंजिनिअर, बाळ फोंडके अणुसंशोधनातून विज्ञान पत्रकारितेत आलेले, निरंजन घाटे भूशास्त्र शिकलेले. प्रत्येकाचं दुसरं काम वेगळं, आणि ते काम कथांमध्ये उतरलेलं दिसतं.

आता समासाकडे येतो, कारण मला खरं तिथेच काही सापडलं.

तिच्या गोष्टीत एक जण दहा प्रकाशवर्षं दूरच्या ताऱ्यावर जाऊन परत येतो. यान प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाने जातं. आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादानुसार इतक्या वेगात यानातला काळ पृथ्वीवरच्यापेक्षा हळू जातो. घरी बहीण किती मोठी झाली असेल, हा कथेचा कळीचा प्रश्न. नवव्या पानाच्या समासात '१ वजा ०.९८०१' असं मांडून वर्गमूळ काढलंय, एकदा चुकलंय, खोडलंय, पुन्हा काढलंय: ०.१४१. खाली उत्तर: पृथ्वीवर सुमारे २० वर्षं २ महिने, यानात २ वर्षं १० महिने. मी कॅल्क्युलेटरवर पडताळलं. बरोबर आहे.

साहेब, हे अकरावीच्या फिजिक्समध्ये नाही. क्लासमध्ये कुणी शिकवलेलं नाही, परीक्षेत विचारणार नाहीत. बहिणीचं वय बरोबर यावं म्हणून तिने ते कुठून तरी शोधून काढलं. गोष्टीमुळे अभ्यास मागे पडतोय असं तुम्ही लिहिलंय. मला तर गोष्टीनेच तिला गणिताला बसवलेलं दिसतंय.

तेव्हा सायन्स राहू द्या, पण 'आयआयटी नाहीतर काही नाही' हे सोडा. पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम आहे, त्याची प्रवेश परीक्षा वेगळी असते. साधी बीएस्सी फिजिक्सही चांगली. लातूरचा क्लास चालू ठेवायचा की नाही, हे वार्षिक परीक्षेनंतर तिघांनी बसून ठरवा. तिच्या आईचं मत पत्रात कुठेच नाही, तेही विचारा.

पुढचं तिच्यासाठी. तिला वाचायला द्या.

बाळ, तुझ्या नायकाचं नाव जॉन का? तो ह्यूस्टनला का राहतो? तू ह्यूस्टन पाहिलेलं नाहीस आणि ते वाचताना कळतं. नारळीकरांनी 'उजव्या सोंडेचा गणपती' या कथेत मराठी घरातल्या गणपतीची सोंड घेतली. माणूस एका जास्तीच्या मितीतून फिरून आला की डावं-उजवं आरशातल्यासारखं उलटतं, ही गणितातली कल्पना त्यांनी त्या उजव्या सोंडेत बसवली. 'गंगाधरपंतांचे पानिपत'मध्ये विश्वासरावांना लागलेली गोळी त्यांनी कानाजवळून जाऊ दिली आणि सगळा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. ती कथा 'द अॅडव्हेंचर' नावाने एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात आहे. तुझं बोर्ड वेगळं असेल तर कुणाकडून तरी मागून घे. शेवटी खिशात उरलेलं बखरीचं फाटकं पान कसं वापरलंय ते बघ. सगळ्या सिद्धांताचा भार त्या एका पानावर आहे.

तुझ्या बावीस पानांतला सगळ्यात जिवंत परिच्छेद सतराव्या पानावर आहे. जॉनला आठवतं की लहानपणी लाइट गेली की वडील दुकानातल्या फ्रीजचं दार कुणाला उघडू देत नसत, आत इन्सुलिन असायचं. हे ह्यूस्टनचं नाही, तुझ्या बाबांच्या दुकानातलं आहे. इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, आणि गावात सहा तास भारनियमन. विज्ञानकथा इथून सुरू होऊ शकते. दार बंद ठेवलं तर आतला गारवा किती वेळ टिकतो, हे बाबांना विचार. त्यांना ते मिनिटांत माहीत असेल. मग पुढचं तू काढ.

यान ठेव. गणित ठेव. जॉनला मात्र बार्शीला आण आणि पुन्हा लिही, या वेळी कोऱ्या वहीत. झाली की मराठी विज्ञान परिषदेकडे स्पर्धेची चौकशी कर. नाव कुठलं द्यायचं ते तुझं तू ठरव.

ता. क. पेपर परत पाठवतोय. पुढच्या बाजूला ३०० पैकी ११४ आहेत, तेही पाहिले. केमिस्ट्रीकडे बघ.