सासूबाईंचं दुखणं डॉक्टरांपर्यंत पोहोचावं म्हणून

इंग्लंडमधल्या लेस्टरहून एका ताईंनी विचारलं आहे: "सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. त्यांना बीपी आणि शुगर दोन्ही आहे. यजमान शिफ्टवर असतात, माझं इंग्रजी कामापुरतं. म्हणून जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, माझी अकरा वर्षांची मुलगीच आजीचं सगळं सांगते. पण परवा डॉक्टर आणि नर्स असं काही बोलल्या की तिलाही उलगडा होईना. सासूबाईंना थोडे इंग्रजी वाक्प्रचार शिकवावेत का?"

ताई, सासूबाईंना नका शिकवू. सत्तरीत त्यांच्या डोक्याला तो ताप कशाला? तुम्ही मात्र ते ऐकून ओळखायला शिका. आपण बोलायचं ते साधं इंग्रजी, कान मात्र सावध ठेवायचे.

सगळ्यात जास्त घोटाळा करणारा प्रश्न म्हणजे 'हॅव यू बीन सिक?' अमेरिकेत याचा अर्थ 'आजारी होतात का'. इंग्लंडमध्ये डॉक्टर बहुधा विचारत असतात, 'उलट्या झाल्या का?' सासूबाईंनी 'येस, फोर डेज' म्हटलं की चार दिवस उलट्या झाल्याची नोंद होते आणि पुढची तपासणी त्याच वाटेने जाते. तसंच 'फनी टर्न' म्हणजे अचानक घेरी येणं, क्षणभर भान हरपल्यासारखं होणं. त्यात हसण्यासारखं काही नाही. 'वॉटरवर्क्स' म्हणजे लघवीच्या तक्रारी. 'बॅक पॅसेज' म्हणजे शौचाची जागा. 'हॅव यू ओपन्ड युअर बॉवेल्स?' म्हणजे शौचाला झाली का. हे शब्द आजीला नातीच्या तोंडून ऐकायला लागू नयेत, तिथे संकोचाने अर्धं उत्तर दडपलं जातं. रक्त काढताना नर्स 'शार्प स्क्रॅच' म्हणते, म्हणजे आता सुई टोचेल. हे मात्र आधी सांगून ठेवा, म्हणजे सासूबाई हात मागे ओढणार नाहीत.

'अंडर द वेदर', 'ऑफ कलर', 'रन डाउन' ही जरा बरं नाही, थकवा आलाय एवढ्यासाठीची बोली आहे. त्यांची धास्ती घेऊ नका. 'पुअरली' या शब्दाकडे मात्र लक्ष द्या. शेजारीण 'माय सन्स पुअरली' म्हणते तेव्हा मुलाला सर्दी-ताप असतो. हॉस्पिटलच्या वॉर्डात डॉक्टर शांत आवाजात 'शी इज व्हेरी पुअरली' म्हणाले, तर प्रकृती गंभीर आहे असं समजा. 'नॉट आउट ऑफ द वूड्स येट' म्हणजे धोका टळलेला नाही. 'टच अँड गो' म्हणजे काहीही होऊ शकतं. ही माणसं वाईट बातमीसुद्धा फार मवाळ शब्दांत सांगतात. मान डोलवून घरी येण्याऐवजी तिथेच विचारा, 'इज हर लाइफ इन डेंजर?' ते रागावणार नाहीत. आणि 'कीप ॲन आय ऑन इट' म्हणून सोडलं, तर नेमकं कशावर लक्ष ठेवायचं, किती दिवस, आणि काय झालं तर फोन करायचा, हे तीनही प्रश्न विचारल्याशिवाय उठू नका.

आता आपल्या बाजूचं. 'लूज मोशन' आपल्याकडे कोणीही समजतं, तिथे समजेलच असं नाही. 'डायरिया' म्हणा. 'बीपी आहे' म्हणू नका, 'हाय ब्लड प्रेशर' म्हणा. साखरेचे आकडेही सांभाळून सांगा: आपल्याकडचे 180 म्हणजे इंग्लंडमधले 10. आपल्या आकड्याला 18 ने भागायचं. नाहीतर फाइल बघून डॉक्टर चक्रावतील आणि त्यांचा आकडा ऐकून सासूबाईंना वाटेल साखर पार उतरली.

मला सगळ्यात जास्त काळजी 'पित्त' आणि 'गॅस' यांची वाटते. आपल्या बायका छातीत दाटून आलं, पाठीत चमक गेली, घाम सुटला, तरी 'गॅस झालाय' म्हणून ओवा चावून पडून राहतात. नात तेच 'गॅस' म्हणून सांगते आणि हृदयाचा विचार मागे पडतो. म्हणून निदान सांगायचंच नाही. कुठे दुखतंय, कधीपासून, चालल्यावर वाढतं का, घाम किंवा धाप आहे का, एवढंच सांगायचं. 'जीव घाबरा होतो' म्हणजे धडधडतं, दम लागतो की भीती वाटते, हे सासूबाईंना आधी घरी निवांत विचारा. 'चक्कर' म्हणजे खोली फिरते की डोळ्यांपुढे अंधारी येते, तेही विचारा. डॉक्टरांसाठी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणखी एक. डॉक्टरांनी 'हाउ आर यू?' विचारलं की आपली वडीलधारी माणसं सवयीने 'फाइन, फाइन' म्हणतात. तिथे तुम्ही मध्ये बोला.

मुलीला या कामातून मोकळं करा, ताई. इंग्रजी कितीही चांगलं असलं, तरी आजीच्या दुखण्याचं ओझं त्या वयाला पेलायला लावू नये. चुकीचं सांगितलं गेलं तर ती ते मनात धरून बसेल. एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, दुभाष्या मागता येतो आणि त्याचे पैसे पडत नाहीत. बऱ्याचदा तो फोनवरच असतो. अपॉइंटमेंट घेतानाच रिसेप्शनला सांगा, 'वी नीड अ मराठी इंटरप्रिटर', आणि जास्त वेळाची अपॉइंटमेंट मागा, कारण दोन भाषांत बोलायला दुप्पट वेळ लागतो. 111 या वैद्यकीय सल्ल्याच्या नंबरवर फोन केला तरी दुभाष्या मागता येतो. अमेरिकेतल्या वाचकांसाठी: सरकारी निधी घेणाऱ्या हॉस्पिटलांवर मोफत दुभाष्या देण्याचं कायद्याने बंधन आहे, आणि तातडीची वेळ सोडली तर लहान मुलांना दुभाष्या म्हणून वापरायला मनाई आहे.

छातीत दुखत असेल, तोंड वाकडं झालं असेल, एक हात उचलत नसेल, बोबडी वळली असेल, तर दुभाष्याची वाट बघू नका. 999 हा आणीबाणीचा नंबर लावा आणि 'चेस्ट पेन' किंवा 'स्ट्रोक' हा शब्द आधी उच्चारा, पत्ता लगेच मागोमाग. बिलाच्या धास्तीने थांबू नका. इंग्लंडमध्ये ए अँड ई (हॉस्पिटलचा तातडीचा विभाग) मधले उपचार पाहुण्यांनाही मोफत असतात, पैशाचा प्रश्न येतो तो पुढे वॉर्डात दाखल केल्यावर. त्यासाठी सासूबाईंच्या प्रवास विम्याची प्रत आणि औषधांची यादी, गोळ्यांच्या मूळ (जेनेरिक) नावांसकट, आजच फ्रिजवर लावून ठेवा.