एस्प्लनेड मॅन्शन कोणामुळे ओस पडली?

मुंबईच्या काळा घोडा परिसरातील एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे एकेकाळचे वॉटसन हॉटेल, कोणामुळे ओस पडले आणि आता ते पाडावे की वाचवावे, असे आपण विचारले आहे. त्या इमारतीत एका वकीलसाहेबांच्या कार्यालयात मी १९८८ पासून अकरा वर्षे कारकुनी केली. तिला कोणी ‘जुनाट सांगाडा’ म्हटले की मला आजही वाईट वाटते, आणि सगळा दोष भाडेकायद्यावर टाकून कोणी मोकळे झाले की त्याहून अधिक वाईट वाटते.

सांगाडा हा शब्द तसा खरा आहे. कापडाचे व्यापारी जॉन वॉटसन यांच्यासाठी अभियंते रोलंड मेसन ऑर्डिश यांनी आखलेले खांब नि तुळया इंग्लंडात ओतवून जहाजाने मुंबईत आणल्या आणि येथे जोडल्या. भार पेलते ते लोखंड. विटा केवळ मधली जागा भरतात. १८७१ मध्ये हॉटेल सुरू झाले. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा देशातील पहिला खेळ येथेच झाला. त्यानंतर तीनच वर्षांनी आपल्या सावे दादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, हँगिंग गार्डनमधील कुस्ती कॅमेऱ्याने टिपली. कामासाठी आलेल्या पक्षकारांना मी हे आवर्जून सांगत असे.

हॉटेल बंद झाल्यावर लहान लहान खोल्या करून जागा भाड्याने गेल्या, आणि उच्च न्यायालय हाकेच्या अंतरावर असल्याने वकिलांची कार्यालये तेथे दाटली. १९४७ च्या भाडेकायद्याने सप्टेंबर १९४० चे भाडे प्रमाण धरले होते आणि ते राहत्या घरांप्रमाणेच व्यवसायाच्या जागांनाही लागू होते. भाडेपावतीवरचा आकडा इतका लहान असे की, त्यातून सज्जाच्या एका कठड्याला रंगही लागला नसता. हे कारण खरे आहे, पण पुरे नाही.

१९९१ च्या पावसाळ्यात आमच्या जिन्याजवळचा पावसाच्या पाण्याचा नळ सांध्यात तडकला आणि पाणी फायलींच्या कपाटामागील भिंतीत मुरू लागले. तेथेच जमीन तोलणाऱ्या सागवानी कड्यांची टोके टेकलेली होती. मी नळकाम करणाऱ्याला बोलावून खर्चाचा अंदाज घेतला आणि तो आमच्या टोकाच्या सहा कार्यालयांत वाटून पाहिला. प्रत्येकाच्या वाट्याला येणारी रक्कम साहेबांच्या एका दिवसाच्या फीपेक्षा कमी होती. साहेब म्हणाले, “दुरुस्ती मालकाने करायची असते. आपण एकदा खिशात हात घातला की ते कायमचे आपल्या गळ्यात पडेल.” नोटीस देऊन भाडेकरूला दुरुस्ती करता येते आणि खर्च भाड्यातून वळता करता येतो, हे मी त्यांच्याच ग्रंथालयातील कायद्यात दाखवले. त्यावर ते म्हणाले, “या भाड्यातून तो खर्च वळता व्हायला दोन पिढ्या जातील.” एवढ्या भाड्यात मालकही दुरुस्ती करणार नाही, हा माझा मुद्दा त्यांचे ते वाक्यच सिद्ध करीत होते, आणि तसे मी त्यांना सांगितले. पुढे महिनाभर ते माझ्याशी कामापुरतेच बोलले. नळाला डांबर लावलेली गोणपाटाची पट्टी गुंडाळली गेली. त्याच दिवाळीत मात्र वाढत्या फायलींसाठी आमच्या खोलीत नवा पोटमाळा बांधला गेला, ज्याचा खर्च नळाच्या अंदाजाच्या तिपटीहून अधिक होता आणि ज्याचे ओझे त्याच ओल्या कड्यांवर पडले. पैसे नव्हते असे कोणी म्हणू नये.

जुलै २००५ मध्ये इमारतीचा एक भाग कोसळून एकाचा जीव गेला. २०१९ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने इमारत रिकामी झाली, तेव्हा जुन्या कार्यालयातील फायली उतरवायला मी मुद्दाम गेलो. कपाटामागील कडीचे टोक बोटांनी चुरडत होते.

कायद्याच्या दृष्टीने साहेबांचे म्हणणे बरोबर होते, हे येथे नमूद करायला हवे. दुरुस्तीची पहिली जबाबदारी मालकाचीच असते आणि एका नळाने एवढी इमारत जात नाही. मी अभियंताही नाही. आयआयटी मुंबईच्या अहवालाने पाडण्याची शिफारस केली, तर वारसा जतन करणाऱ्या जाणकारांनी तिला विरोध केला. माझ्या मते इमारत पाडू नये. जे खांब सुटे येऊन येथे जोडले गेले, ते क्रमांक घालून पुन्हा सुटे करता येतील, तडकलेले तेवढे बदलता येतील आणि लाकूडकाम नव्याने करता येईल. मात्र जुन्या भाडेकरूंना परत जागा देताना प्रत्येकाचा दुरुस्तीतील वाटा, विशेषतः पावसाच्या पाण्याच्या नळांचा, चावी हातात देण्यापूर्वी लिहून घ्यावा.