चटणीचं गिऱ्हाईक

कोल्हापूर,
होळीचा आदला दिवस

पोरी, अनेक आशीर्वाद.

तुझ्या कांदा-लसूण चटणीच्या धंद्याबद्दलचा तो लांबलचक मेसेज परवा आला. सोबत तीन लोगो, इन्स्टाग्रामच्या पानाची लिंक आणि शेवटी एका ओळीचा प्रश्न, "मावशी, जाहिरातीला ४० हजार बाजूला काढलेत, कुठं घालू?" उत्तर फोनवरही देता आलं असतं. पण फोनवर तू नुसतं "हो, हो" करतेस आणि नंतर आपल्याच मनाचं करतेस, म्हणून लिहून पाठवतेय.

आत्ता कुठंच घालू नकोस. आधी गिऱ्हाइकांच्या नोंदींसाठी एक दोनशे पानी वही आण. संगणकावर ठेवायची तर संगणकावर ठेव, माझं काही म्हणणं नाही. पण रोज उघडली पाहिजे.

माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी उतरवते. "राजारामपुरी, बँकवाल्या ताई. माणसं ४, मुलगा ६ वर्षांचा. ब्याडगी मिरची ३ वाटे, संकेश्वरी १, लवंगी नको. लसूण जास्त. खोबरं कमी, घरात पित्त. १० मार्च, १ किलो. २५ मेला संपली. गणपतीत पाहुणे, त्या वेळी २ किलो." बस, एवढंच. पुढच्या वर्षी १८ मेला मी त्यांना फोन केला, "ताई, डबा तळाला आला असेल." त्या हसायलाच लागल्या. म्हणाल्या, तुम्हाला कसं कळलं? चौदा वर्षं झाली, ते घर दुसरीकडून चटणी आणत नाही. शिवाय त्यांची नणंद, जाऊ आणि बँकेतल्या तिघी माझ्याकडे आल्या, त्यांची पानं वेगळी.

आता तुझ्या रीलचं बोलू. १८ हजार लोकांनी बघितलं म्हणतेस. परातीत लाल मिरची, वरून ऊन, मागं हलगी. छानच झालंय, मलाही आवडलं. पण ऑर्डरी किती आल्या? ११. त्यातल्या किती जणांनी परत मागवली, हे तू लिहिलेलं नाहीस, म्हणजे तुलाही ठाऊक नाही. मला तो एकच आकडा हवा आहे. अकरांपैकी सहा जण दोन-अडीच महिन्यांत परत आले, तर ४० हजार घाल, ८० घाल, मी आडवी येणार नाही. एकच आला असेल तर तुझा पैसा भोक पडलेल्या घागरीत जाणार. त्या वेळी जाहिरात थांबवून त्या दहा जणांना फोन करायचा आणि विचारायचं, काय बिघडलं? तिखट झाली, खवट लागली, की पिशवी फुटून आली? लाज वाटते मान्य आहे. मलाही वाटायची.

दुसरं असं, की तुझी स्पर्धा कुणाशी आहे हे तू चुकीचं धरलंयस. दुकानातल्या मोठ्या कंपन्यांची पाकिटं मांडून त्यांचा फोटो पाठवलास. त्यांच्याशी तुझं काही देणंघेणं नाही. आपल्याकडे मार्च ते मे घरोघरी वर्षाची चटणी होते. बाया मिरची आणतात, देठं काढतात, गच्चीवर वाळवतात, कांदा तळतात, खोबरं-तीळ भाजतात आणि डंखावर, म्हणजे कांडप गिरणीत, रांग लावून कांडून आणतात. तुझी खरी स्पर्धा आहे त्या डंखाशी आणि गिऱ्हाइकाच्या सासूच्या हाताशी. "आमच्याकडं अशी नसते हो," हे वाक्य तू हजारदा ऐकशील. त्यावर वाद घालायचा नाही. "तुमच्याकडं कशी असते?" असं विचारायचं आणि वही उघडायची. कंपनीला एका घरासाठी लवंगी वगळता येत नाही. तुला येते. तुझ्या हातात तेवढंच एक हत्यार आहे, आणि तू मात्र सगळ्यांना एकच पाकीट देऊन तेच टाकून द्यायला निघालीयस.

ज्या बाया अजून घरी करतात त्यांनाही सोडू नकोस. त्यांना चटणी विकायला जाऊ नकोस, निवडलेली, देठ काढलेली, वाळवलेली मिरची दे. पाच किलो मिरचीची देठं काढून बघ एकदा, बोटांची आग रात्रभर जात नाही. तेवढं काम कुणी केलं तर त्या आनंदानं चार पैसे जास्त देतात. दोन-तीन वर्षांनी गुडघे दुखायला लागले की त्याच म्हणतात, "आता तूच करून दे गं." माझी निम्मी गिऱ्हाइकं अशी आलीत.

तुझ्या तिन्ही लोगोंवर "अस्सल कोल्हापुरी" लिहिलंय. अगं, त्या शब्दात आता काही उरलंय का? देशभरच्या हॉटेलांत व्हेज कोल्हापुरी मिळते आणि कोल्हापुरातल्या एकाही घरात ती होत नाही. लाल तवंग दिसला की म्हण कोल्हापुरी! त्यापेक्षा पिशवीवर खरं ते लिही. ब्याडगी कशासाठी, तर रंगासाठी. हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावावरून तिचं नाव पडलं, २०११ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. रंग गडद, तिखट बेताचं. संकेश्वरी चवीला, ती गडहिंग्लजच्या बाजारातून येते. लवंगी झणका द्यायला. कुठली मिरची किती घातलीय ते छाप. "अस्सल" म्हणायची गरजच पडणार नाही, वाचणारीला आपोआप कळेल की ही बाई बाजारात स्वतः जाते.

"प्रीमियम" आणि "रेग्युलर" अशा दोन प्रती काढायचा बेत मला अजिबात पटला नाही. लिज्जतची गोष्ट तुला माहीत असेल. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. हे सगळे सांगतात. पुढचं फार कुणी सांगत नाही. सुरुवातीला त्याही दोन प्रतींचे पापड करायच्या, हलका माल स्वस्तात विकायला. त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या छगनबाप्पांनी ते बंद करायला लावलं. पापड एकाच दर्जाचा, त्यात तडजोड नाही. लहान धंद्यात हलका माल कसा मारतो ते मी बघितलंय. रेग्युलर घेणारी बाई शेजारणीला "ही रेग्युलर आहे हं" असं सांगत नाही. ती तुझं नाव सांगते आणि वाटी पुढं करते. तुझी जाहिरात त्या वाटीतून होते. स्वस्त हवं असेल त्यांना लहान पिशवी दे, १०० ग्रॅमची. माल तोच.

पिशवीवरून आठवलं. तू पारदर्शक पिशवी निवडलीस, रंग दिसावा म्हणून. मीही निवडली होती. तेव्हा मला एका मोठ्या शहरातल्या दुकानानं ४० किलोची पहिली ऑर्डर दिली होती आणि मी पेढे वाटले होते. दुकानदारानं माल हौसेनं दर्शनी काचेत मांडला. समोरून दुपारचं ऊन, रात्री ट्यूबलाइट. दीड महिन्यानं मी गेले, तर पुढच्या रांगेतली चटणी विटकरीसारखी फिक्की पडलेली. मिरचीचा रंग उजेडानं उडतो, आणि आपल्या चटणीत खोबरं-तीळ असल्यानं उष्णतेनं ती खवटही होते. २६ किलो परत आली. पैसे उधारीत होते, ते मिळाले नाहीतच. चूक दुकानदाराची नव्हती गं, माझीच होती. आई चिनीमातीच्या बरणीत चटणी दाबून भरायची, वर हिंगाचे खडे ठेवायची आणि बरणी अंधाऱ्या कोनाड्यात सारायची. ते रोज बघून मी मोठी झाले, आणि धंद्यात उतरल्यावर काचेत मांडली! तेव्हा आतून चकचकीत अस्तराची, उजेड न शिरणारी पिशवी घे. रंग दाखवायचाय तर फोटो छाप. आणि तो १४ आकडी एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नपरवान्याचा, क्रमांक, निव्वळ वजन, कमाल किंमत, पॅकिंगचा महिना, संपर्काचा नंबर, हे सगळं पहिल्या पिशवीपासून. "नंतर बघू" नको.

दुकानात माल ठेवायचाच असेल तर आधी कागदावर हिशोब मांड. समजा माल, कांडप, पिशवी, मजुरी मिळून किलोला ३२० पडले आणि किंमत ४८०. दुकानदारानं २५ टक्के घेतले, म्हणजे १२०. तुझ्या हाती ३६०, सुटले ४०, तेही दीड महिन्याच्या उधारीनं. तीच चटणी थेट घरी पाठवलीस, ६० रुपये कुरिअरला गेले, तरी १०० सुटतात, रोख. शिवाय ती खाणारी कोण हे तुला कळतं. दुकानातून गेलेल्या पिशवीचं पान वहीत होत नाही. दुकान वाईट नव्हे, पण पहिल्या दोनशे घरांची पानं भरल्याशिवाय तिकडं वळू नकोस.

प्रदर्शनांना मात्र जा. डिसेंबरात पुण्यात भीमथडी जत्रा भरते. मुंबईत महालक्ष्मी सरस असतं, त्याच्या तारखा विचारून घे. आधी एकदा गिऱ्हाईक म्हणून जाऊन नुसती उभी राहा आणि लोक कुठं थांबतात ते बघ. चमच्यावर चटणी देणाऱ्या स्टॉलवर लोक खोकतात आणि पुढं जातात. ज्वारीच्या भाकरीचा तुकडा, वर चटणी, त्यावर कच्चं शेंगतेल, असं हातात ठेवलं की माणूस थांबतो, दुसरा तुकडा मागतो आणि बायकोला हाक मारतो. रोज चाळीस भाकऱ्या लागतात. त्या थापायला कुणी मिळत नसेल तर स्टॉल घेऊ नकोस.

आणि तिथं व्हिजिटिंग कार्डं वाटू नकोस. घरी जाईपर्यंत ती भेळेच्या कागदासोबत कचऱ्यात जातात. "ताई, आत्ताच माझ्या नंबरवर 'चटणी' एवढं एक पाठवा आणि माझा नंबर सेव्ह करा," असं म्हण. यात एक गोम आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीवर पाठवलेला मेसेज ज्यांनी तुझा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. मला हे माहीत नव्हतं. मी वर्षभर २०० जणांना दिवाळीच्या, पाडव्याच्या, गौरीच्या ऑफरी धाडत होते आणि त्या निम्म्यांना मिळतच नव्हत्या. यादीत २५६ नंबर बसतात. तेवढी घरं सांभाळलीस तरी दोन बायकांना बारमाही काम देशील. न विचारता कुणाला ग्रुपात ओढू नकोस, सकाळी फुलांचे फोटो पाठवू नकोस. वर्षातून चार-पाच मेसेज पुरेत. नवी मिरची आली, भाव वाढणार, कांडप सुरू, पावसाळ्याआधी भरून ठेवा. कामाचे तेवढेच.

भाववाढीचं वेगळं सांगते, कारण तिथं तू घाबरशील. ब्याडगीचा भाव एका हंगामात दीडपट झालेला मी बघितलाय. त्या वर्षी ओळखीतल्या एकीनं गुपचूप मीठ वाढवलं आणि रंगाला दुसरीच मिरची घातली. मी किंमत वाढवली, पण महिनाभर आधी सगळ्यांना कळवलं की जुन्या भावाचा एवढाच माल शिल्लक आहे. तो आठ दिवसांत संपला. नव्या भावाला सात-आठ घरं गळाली. त्यातली चार पुढच्या वर्षी परत आली. मी काही विचारलं नाही.

गूगलच्या नकाशावर दुकान टाक, फुकट आहे. वेळ खरी लिही आणि दाराचा फोटो लाव, गल्लीतून येणाऱ्याला दिसेल असा. भाच्या-पुतण्यांकडून पाच-पाच चांदण्या लिहून घेऊ नकोस, सगळ्यांची आडनावं एकच दिसतात. दुपारी १ ते ४ बंद अशी तिरकस पाटी लावायची हौस असेल तर आधी तसा माल कर की लोक चारपर्यंत उन्हात थांबतील.

४० हजारांचं विचारलं होतंस, ते राहिलंच. त्यातल्या १५ हजारांची मिरची घे, आत्ताच, हंगाम सुरू आहे. पिशव्यांना १० हजार जातील. उरलेले गणपतीपर्यंत बँकेत ठेव. तोवर वहीत किती घरं दुसऱ्यांदा आली ते मोजू आणि मग तुझ्या त्या रीलवाल्या मुलाला बोलावू. पोरगा हुशार आहे, पण त्याला सांग, रील पुण्या-मुंबईत आणि आपल्या जिल्ह्यात दिसेल असं लाव. पाटण्यात बघून आपल्याला काय उपयोग?

पाडव्याला येशील तेव्हा तुझी चटणी पाव किलो घेऊन ये, वरच्या खास डब्यातली नको, गिऱ्हाइकाला पाठवतेस त्याच पिशवीतली, महिनाभरापूर्वी भरलेली. कुठल्या मिरच्या किती घातल्यास ते आधी सांगू नकोस. मी भाकऱ्या करून ठेवते. आणि तुझ्या आईला म्हणावं, माझी मोठी परात तिच्याकडं दोन वर्षं पडून आहे, ती पण पाठव.

तुझी,
मावशी